न विचारलेला प्रश्न : खाण, सार्वजनिक जमीन आणि न्यायालयाचे वाचन

खाणीला परवानगी देण्यापूर्वी जो पर्यावरण आघात अहवाल तयार होतो, त्याला वाचक फार थोडे मिळतात. हजारो पानांचा तो मजकूर कोणीतरी शेवटपर्यंत तपासून पाहण्याची वेळ बहुधा न्यायालयातच येते. न्यायालय हा अहवाल कसा वाचते, त्यात काय शोधते आणि कशाला हात लावत नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांचा राहत नाही. अमेरिकेतील रोझमाँट तांबेखाणीचा निकाल या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे.

अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या आग्नेयेस सांता रिटा डोंगररांग आहे. तिचा मोठा भाग कोरोनाडो राष्ट्रीय वनात मोडतो. म्हणजे ती जमीन संघराज्य सरकारच्या, पर्यायाने जनतेच्या मालकीची आहे. तेथे सुमारे ३,००० फूट खोल खाण खणायची आणि तिच्यातून निघणारा १९० कोटी टन टाकाऊ दगड व गाळ वनाच्या २,४४७ एकर जमिनीवर कायमचा टाकायचा, अशी योजना होती. तोहोनो ओओदम, पास्क्वा याकी आणि होपी या आदिवासी समाजांचे या डोंगरांशी पूर्वजांपासूनचे नाते आहे. वन खात्याने २०१७ मध्ये योजनेला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा हे तिन्ही समाज आणि पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या.

त्यांच्या हाती असलेले शस्त्र मर्यादित होते. १९७० पासून लागू असलेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा सरकारला अहवाल करायला लावतो. अमुकच निर्णय घ्या, असे तो सांगत नाही. १९८९ च्या मेथो व्हॅली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. परिणाम नीट पाहून, जाणूनबुजून सरकारने अविचारी निर्णय घेतला, तरी हा कायदा त्याला अडवत नाही. न पाहता घेतलेला निर्णय मात्र टिकत नाही.

रोझमाँटच्या अहवालात माहितीची वाण नव्हती. भूजल, हवा, वन्यजीव, सांस्कृतिक स्थळे, सगळ्यांची चर्चा होती. दोष त्या चर्चेच्या आधीच्या पायरीवर होता. १८७२ च्या खाण कायद्यानुसार सार्वजनिक जमिनीवर मौल्यवान खनिजाचा शोध लागला, तर शोधणाऱ्याला त्या जागेवर हक्क मिळतो. जेथे दगड टाकायचा होता, त्या जमिनीवरचे कंपनीचे दावे वैध आहेत असे वन खात्याने गृहीत धरले. दावे वैध, म्हणून नकार देण्याचा अधिकार आपल्याला नाही. अधिकार नाही, म्हणून ‘खाण नको’ हा पर्याय निवडताच येत नाही, अशी ती साखळी होती. हा पर्याय अहवालात नावाला होता, इतकेच.

जिल्हा न्यायालयाने ३१ जुलै २०१९ रोजी ही मंजुरी रद्द केली आणि नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी दोन विरुद्ध एक मताने तो निकाल कायम ठेवला. प्रश्न साधा होता : तांबे खाणीच्या खड्ड्यात आहे, हे खरे, पण ढिगाऱ्याखाली जाणाऱ्या जमिनीत मौल्यवान खनिज सापडले आहे का? तसा पुरावा कागदपत्रांत नव्हता. आणि जेथे तांबे काढायचे, त्याच जागेवर कोणी दगडाचा डोंगर रचील, हे व्यवहारालाही धरून नाही.

या निकालाचे मोल यात आहे, की न्यायाधीशांनी भूजलतज्ज्ञाची जागा घेतली नाही. त्यांनी अहवालाचे गृहीतक शोधले आणि त्याला आधार मागितला. मात्र निकालाची मर्यादाही तितकीच ठळक आहे. पुढे कंपनीने डोंगराच्या पश्चिम अंगाला, आपल्या खासगी जमिनीवर खाणीची नवी योजना आखली आणि राज्याच्या परवान्यांची वाट धरली. सार्वजनिक जमीन टाळली की तिच्यासाठी करावा लागणारा अहवालही टळतो. डोंगर मात्र तोच राहतो.

तरीही असे वाचन मोलाचे आहे, हे सांगणे आता अधिक गरजेचे झाले आहे. २९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने युटा राज्यातील खनिज तेल वाहून नेणाऱ्या ८८ मैलांच्या नियोजित रेल्वेमार्गाच्या खटल्यात, अशा अहवालांबाबत न्यायालयांनी सरकारी खात्यांच्या निर्णयाचा भरीव आदर राखावा, असे बजावले. तो अहवाल ३,६०० हून अधिक पानांचा होता. न्यायालयाचा युक्तिवाद पोकळ नाही. खटल्याच्या धास्तीने अहवाल फुगतात, प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि प्रत्येक दूरस्थ परिणाम मोजत बसणे शक्यही नसते. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होण्याचा धोका आहे. तज्ज्ञाने दिलेल्या उत्तराचा आदर राखणे ही एक गोष्ट. त्याने प्रश्नच विचारला नसेल, तर त्या मौनाचाही आदर राखणे ही दुसरी. रोझमाँटचा अहवाल पानांच्या संख्येत कमी पडला नव्हता. जाडी हाच अभ्यासाचा पुरावा मानला असता, तर तो सहज उत्तीर्ण झाला असता.

हा भेद आपल्याला परका नाही. गोव्यातील एका खाणीच्या पर्यावरण परवानगीविरुद्धच्या ‘उत्कर्ष मंडळ’ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये याच अंगाने विचार केला. जनसुनावणीत लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला, एवढे म्हणून भागणार नाही. त्या का फेटाळल्या याची कारणे नोंदवावी लागतील, असे न्यायालयाने सांगितले. खाण कंपन्यांच्या संचालक मंडळावर असलेली व्यक्तीच अशा समितीचे अध्यक्षपद भूषवते, यातील हितसंबंधांवरही त्याने बोट ठेवले. खाण चांगली की वाईट हे ठरवण्यापेक्षा, निर्णय घेणाऱ्यांनी लोकांचे म्हणणे खरोखर वाचले का, हे तेथे तपासले गेले. उलट मेघालयातील चुनखडीच्या खाणीसंबंधीच्या २०११ च्या लाफार्ज निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, योग्य प्रक्रिया पाळली गेली असेल तर निर्णयकर्त्याला मोकळीक द्यावी, ही भूमिका घेतली. म्हणजे दोन्ही सूर आपल्याकडेही आहेत.

न्यायालयाने डोंगर वाचवावा ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी या कायद्याने ते काम त्याच्याकडे दिलेले नाही. त्याच्याकडे आहे ते वाचनाचे काम. पण ते नीट झाले, तर सार्वजनिक जमिनीबाबत ‘आमच्या हातात काही नव्हते’ असे म्हणणाऱ्या सरकारला, हे तुम्ही तपासून पाहिले का, एवढे तरी विचारता येते. त्या जमिनीच्या मालकाला, म्हणजे नागरिकाला, हा प्रश्न विचारण्याची दुसरी जागा सहसा मिळत नाही. पानांच्या जाडीला मान देऊन न्यायालयानेच वाचन सोडले, तर तीही उरणार नाही.