उन्हाळी संशोधन प्रशिक्षणाचा अहवाल : विद्युतरसायन अभियांत्रिकीच्या संदर्भात एक चिकित्सा

पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव मिळावा, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1987 पासून या हेतूने स्वतंत्र योजना राबविली. तिच्यातील प्रशिक्षण साधारणपणे दहा आठवड्यांचे असते. आपल्याकडे बंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी संयुक्तपणे दोन महिन्यांची उन्हाळी अधिछात्रवृत्ती देत आल्या आहेत. विद्युतरसायनासाठी तर 1948 मध्ये पायाभरणी झालेली कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था ही स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळाच आहे. या प्रशिक्षणाच्या उपयुक्ततेविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. तथापि विद्यार्थी परतताना जो अहवाल घेऊन येतो, त्याचे वाचन कोणी चिकित्सक दृष्टीने करताना दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो अहवाल होय.

अहवालाचा साचा ठरलेला असतो. प्रस्तावनेत ऊर्जासंकट, त्यानंतर पदार्थाची निर्मिती, सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे, सायक्लिक व्होल्टामेट्रीचे आलेख आणि अखेरीस एक आकडा : विशिष्ट धारिता, इतके फॅरड प्रति ग्रॅम. सारा अहवाल या आकड्याच्या दिशेने धावत असतो. वस्तुतः या आकड्यातील अवघड भाग फॅरड नसून ग्रॅम आहे. विद्युताग्रावर बसविलेला थर अर्धा मिलिग्रॅमचा असेल आणि तराजूचे लघुतम माप 0.1 मिलिग्रॅम असेल, तर केवळ वजनातच सुमारे 20 टक्के चूक संभवते. असे असताना धारिता दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत दिलेली असते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

युरी गोगोत्सी व पॅट्रिस सिमॉन यांनी 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमक्या याच प्रवृत्तीवर बोट ठेवले होते. बाजारातील कार्बन सुपरकपॅसिटरमध्ये क्रियाशील पदार्थाचे वजन एकूण वजनाच्या सुमारे 30 टक्केच असते. उरलेले वजन धातूचा पत्रा, विद्युत अपघटनी द्रव, विभाजक पडदा आणि वेष्टन यांचे. त्यामुळे पदार्थाच्या प्रतिग्रॅम ऊर्जेवरून उपकरणाचा अंदाज बांधताना ती 3 ते 4 पटीने कमी धरावी लागते. थर पातळ असेल तर ही घट कितीतरी अधिक होते. हा विचार म्हणजेच अभियांत्रिकी. चंचुपात्रातील गुणधर्म टाकीत टिकेल काय, हा तिचा मूळ प्रश्न आहे. भोसरीच्या मुलामा देणाऱ्या कारखान्यातील कामगार हल सेलमधील तिरप्या पट्टीवर एका टोकाची जळालेली कड व दुसऱ्या टोकाचा फिकट थर पाहून विद्युतप्रवाहाची घनता पृष्ठभागावर सारखी नसते, हे क्षणात ओळखतो. अहवालातील विद्यार्थ्याला मात्र तीन मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनच्या चकतीपलीकडे जाण्याची वेळच येत नाही. मथळ्यात अभियांत्रिकी असते, मजकुरात नसते.

येथे एका प्रसंगाचा निर्देश करणे आवश्यक वाटते. आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी अशाच एका प्रशिक्षणाहून परतली. गावी वडिलांची तीन एकर जिरायती शेती, घराबाहेर दोन महिने राहण्याची ही पहिलीच वेळ. तिचे भित्तिपत्रक देखणे होते, त्यास पारितोषिकही मिळाले होते. मी सहज विचारले, "पदार्थ निकेल फोमवर बसविला होता ना? मग कोऱ्या फोमचे मापन केले होते काय?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "केलं होतं सर, सातव्या आठवड्यात. ते वजा केल्यावर आकडा निम्म्याहून खाली आला. मार्गदर्शक म्हणाले, आता वेळ नाही, हे राहू दे."

कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात निकेल फोमचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्सिडीभूत होतो आणि त्याचा प्रवाह पदार्थाच्या खात्यावर जमा होतो, ही बाब शास्त्रीय वाङ्मयात नोंदविलेली आहे. म्हणजे या मुलीने आठ आठवड्यांत केलेले खरे संशोधन सातव्या आठवड्यातील ते एक मापन होते, आणि नेमके तेच भित्तिपत्रकातून वगळले गेले. मार्गदर्शकांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या व्यवस्थेत पन्नास-साठ दिवसांत निष्कर्ष, छायाचित्र आणि समारोपाचा कार्यक्रम हे सारे बसवायचे असते, तेथे घसरलेल्या आकड्यास जागा कोठून मिळणार? (आम्हा एम.फिल. धारकांच्या प्रबंधांची कथा फार निराळी होती असे नव्हे.) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अन्वये आंतरवासिता व संशोधन प्रकल्पास श्रेयांक मिळू लागल्यानंतर अशा अहवालांची संख्या वाढणार, हे उघड आहे, मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र 'जे सिद्ध झाले नाही' यासाठी रकाना असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्या विद्यार्थिनीची प्रयोगवही मी मागून घेतली. कोऱ्या फोमचा आलेख तिने पेन्सिलीने काढून मागच्या पानावर जपून ठेवला होता. या वर्षी द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात तोच प्रयोग लावला आहे. पोटेन्शिओस्टॅट एकच असल्याने सहा-सहा जणांचे गट करावे लागले.