उलटतपासातील ‘मी’ : साक्षीची संहिता आणि खानदेशी बोली

न्यायालयातील साक्ष बोलली जाते आणि लिहिलेली संहिता होऊन उरते. बोलण्यापासून लिहिण्यापर्यंतच्या या प्रवासाचा विचार आजवर बहुतांशी विधिशास्त्राने केला. कथनमीमांसेने तो आपला विषय मानला नाही. अविश्वसनीय निवेदक, गर्भित लेखक, प्रथमपुरुषी निवेदनाची मर्यादा या संकल्पनांची चर्चा कादंबरी आणि आत्मचरित्र यांच्या अनुषंगाने मराठीत पुष्कळ झाली. परंतु जळगाव किंवा धुळे येथील सत्र न्यायालयात रोज सिद्ध होणाऱ्या प्रथमपुरुषी निवेदनांतील ‘मी’ हा कोणत्याही प्रयोगशील कादंबरीतील ‘मी’पेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. ही गुंतागुंत सर्वाधिक स्पष्ट होते ती उलटतपासात.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने साक्षीचे सरतपास, उलटतपास आणि फेरतपास असे तीन टप्पे ठरविले. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी ही त्रिपदी रचना तशीच आहे. सरतपासात सूचक प्रश्न सामान्यतः वर्ज्य, उलटतपासात मुभा. ज्या प्रश्नात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते, तो सूचक प्रश्न. उलटतपासाचे सारे तंत्र या मुभेवर उभे आहे. फ्रान्सिस वेलमन या अमेरिकी वकिलाचे या कलेवरील पुस्तक १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून वकिलीच्या उमेदवारीत जे नियम तोंडपाठ केले जातात ते थोडक्यात असे : प्रश्न आखूड असावा, एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती असावी, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे जाऊ देऊ नये, ‘का’ विचारू नये, आणि हवे ते मिळाल्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याचा मोह टाळून खाली बसावे. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर वाक्य वकील रचतो. साक्षीदार त्यावर केवळ होकाराची वा नकाराची मुद्रा उमटवतो.

यात एरवी काही गूढ नाही. खरी वाङ्मयीन घटना घडते ती नोंद होताना. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ नुसार सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनरूपाने लिहून घ्यावयाची असते; प्रश्नोत्तररूपाने नोंद करणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेले आहे. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच व्यवस्था कायम आहे. परिणाम असा की प्रश्न लुप्त होतो आणि प्रश्नातील वाक्य साक्षीदाराच्या तोंडी प्रथमपुरुषात जाऊन बसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात न्यायाधीश साक्षीदाराचे बोलणे आपल्या वाक्यांत टंकलेखकाला सांगताना दिसतात. प्रेक्षकाला तो कंटाळवाणा कारभार वाटतो. वस्तुतः तेथे एका ‘मी’च्या जागी दुसरा ‘मी’ बसविला जात असतो.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. साक्री तालुक्यातील एक शेतमजूर रात्रीच्या मारहाणीचा साक्षीदार आहे. वकील विचारतो, ‘त्या वेळी अंधार होता ना?’ तो सांगतो, ‘अंधारं व्हतं, पन चांदनंबी व्हतं.’ वकील म्हणतो, ‘हो की नाही, एवढंच सांगा.’ नोंद होते : ‘घटनेच्या वेळी अंधार होता, हे म्हणणे खरे आहे.’ या वाक्यातील एकही शब्द खोटा नाही. मात्र साक्षीदाराने पाहिलेली रात्र त्यात नाही. ‘पन’ या उभयान्वयी अव्ययाने जोडलेले जे जग होते, ते त्या अव्ययासह कापले गेले. बचावाचा वकील येथे कोणतीही लबाडी करीत नाही. तंत्राचा पहिला नियम तो पाळतो, इतकेच. चांदणे परत आणायचे असेल तर ते सरकारी वकिलाने फेरतपासात आणावे, ही व्यवस्था. त्याला ते आठवले तर.

त्याहून विलक्षण आहे ती सूचनांची मालिका. बचाव पक्षाला जी कथा न्यायालयापुढे मांडावयाची असते, ती तो प्रथम साक्षीदारापुढे सूचना म्हणून ठेवतो. न ठेवल्यास पुढे युक्तिवादात तिचा आधार घेणे अवघड होते. साक्षीदार प्रत्येक सूचना नाकारतो, आणि बहुतेक साक्षींच्या अखेरीस ओळखीची वाक्ये येतात : ‘आरोपीशी शेताच्या बांधावरून वैर असल्याने मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ बाख्तिन ज्याला द्विस्वरी वचन म्हणतो त्याचे इतके शुद्ध रूप ललित वाङ्मयात क्वचित आढळते. एकाच वाक्यात दोन वक्ते आहेत, दोन कथा आहेत. एक कथा दुसरीच्या नकाराच्या पोटात राहते. बचावाची संपूर्ण प्रतिकथा केवळ विरोधकाच्या नकारार्थी वाक्यांतून वाचकापर्यंत, म्हणजे न्यायाधीशापर्यंत, पोचते.

लेखकत्वाचा प्रश्न आणखी तीव्र होतो तो पोलिसांपुढील जबाबाच्या संदर्भात. हा जबाब तपास अधिकारी लिहितो. कायद्यानुसार साक्षीदाराची त्यावर सही घेतली जात नाही. पुढे न्यायालयात साक्षीदार काही अधिक बोलला, तर त्या जबाबातील अनुल्लेख दाखवून त्याला विसंगतीत पकडले जाते. मग नोंदीत ते सुपरिचित वाक्य येते : ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते, माझ्या जबाबात ते का लिहिलेले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ ज्याने लिहिले त्याला हा प्रश्न नंतर विचारला जातो. ज्याने लिहिले नाही त्याला आधी. लेखकाच्या मृत्यूची चर्चा करणाऱ्या समीक्षेने या वाक्यापाशी थोडे थांबावे. येथे लेखक मेलेला नाही. लेखकत्वाची जबाबदारी तेवढी दुसऱ्याच्या माथी आहे.

खानदेशात या प्रश्नाला भाषेची एक वेगळी धार आहे. १९०६ मध्ये विभागल्या गेलेल्या जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम भाग पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. या टापूतील अहिराणी ही न्यायालयाची भाषा कधीच नव्हती. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ली भाषांसोबत केली. जनगणना तिची स्वतंत्र गणना करते. पण न्यायालयाच्या दृष्टीने अहिराणीभाषक साक्षीदार मराठीतच बोलत असतो. १९९८ मध्ये मराठी ही राज्यातील जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून अधिसूचित झाली, आणि इंग्रजीच्या तुलनेत ही मोठीच प्राप्ती होती. तथापि जेथे दोन भाषा मान्य असतात तेथे दुभाषी येतो, भाषांतराची जबाबदारी कोणावर तरी पडते; जेथे एकच भाषा गृहीत असते तेथे भाषांतर होते, पण ते भाषांतर आहे असे कोणी म्हणत नाही. शिरपूर वा चोपड्याच्या सातपुड्यातील पावरा साक्षीदारासाठी निदान दुभाष्याची गरज मान्य होऊ शकते. अहिराणीची अडचण तिच्या जवळीकीत आहे.

उलटतपासाला या जवळीकीचा लाभ मिळतो. ‘मी दखं’ आणि ‘माले दखायनं’ यांतील भेद प्रमाण मराठीतील ‘पाहिले’ आणि ‘दिसले’ यांसारखाच आहे. पण नोंदीच्या घाईत दोन्हींचे ‘मी पाहिले’ होते. मग वकील विचारतो : किती अंतरावरून पाहिले, किती वेळ पाहिले? ज्याला ओझरते दिसले त्याला पाहण्याचा हिशेब द्यावा लागतो. ‘म्हणे’ या अव्ययाचे तर याहून वाईट होते. मराठीत आणि अहिराणीतही ऐकीव माहितीची प्रामाणिक खूण म्हणून हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. बोलणारा त्यातून स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा सांगतो. पुराव्याच्या कायद्यात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. म्हणून ‘म्हणे’ राहिला तर विधान बाद, आणि नोंदीत गळाला तर साक्षीदार न पाहिलेले पाहिले म्हणणारा ठरतो. जो शब्द त्याच्या सचोटीचा पुरावा होता, त्याची जागाच संहितेत उरत नाही.

याच परिसरात, जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणीही बोलण्यातून लिहिण्यात आली. त्या निरक्षर होत्या. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवलेली गाणी १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांची लेवा बोली अहिराणीहून वेगळी; परंतु येथे तुलनेचा मुद्दा टिपणाऱ्याच्या नीतीचा आहे. ऐकणाऱ्याने बोलीची रूपे सांभाळली म्हणून कवयित्री उरली. न्यायालयातील टंकलेखकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण ऐकून लिहिणे ही तटस्थ क्रिया नसते, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट दिसते.

असे असूनही उलटतपासाला केवळ सत्तेची हिंसा ठरविणारे, फूकोच्या नावाने सर्रास केले जाणारे वाचन अर्धवट आहे. १८५८ मध्ये अब्राहम लिंकनने एका खुनाच्या खटल्यात, चांदण्यात सारे पाहिले असे ठामपणे सांगणाऱ्या साक्षीदारापुढे पंचांग ठेवले, आणि त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता हे दाखवून आरोपीला सोडविले. साक्रीच्या मजुराचे चांदणे कापणारे तंत्र आणि हे खोटे चांदणे विझविणारे तंत्र एकच आहे. शिकवून तयार केलेला साक्षीदार, पोलिसांच्या घडवलेल्या जबाबावर तोलून धरलेला खटला, यांच्याविरुद्ध गरीब आरोपीच्या हाती दुसरे शस्त्र नाही.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे सामर्थ्य याच द्वंद्वाच्या संदर्भात नव्याने पाहता येते. सुखात्मे वकील या नाटकात फिर्यादीचा आणि बचावाचाही वकील आहे. म्हणजे सूचना ठेवणारा आणि तिला हरकत घेणारा एकच. गावातला भोळा सामंत साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो; ती कल्पित साक्ष बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते. साक्षीचा ‘मी’ उसना असतो, हे नाटककाराने येथे विनोदाच्या अंगाने सांगितले आहे. बेणारेबाईंना साक्षीच्या पिंजऱ्यात ओढून उभे केले जाते, तेव्हा त्या प्रश्नांना उत्तरे देत नाहीत. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीला दिलेले संरक्षण या खेळातल्या न्यायालयात कोणालाच आठवत नाही. पण मौन राखून त्या ते स्वतःच वापरतात. अखेर दहा सेकंदांची मुदत मिळते, आणि इतर सारी पात्रे गोठलेली असताना त्यांचे स्वगत होते. रूढ समीक्षेने त्याला भावनिक परमोत्कर्ष मानले. साक्षीच्या दृष्टीने पाहता ते या नाटकातील एकमेव निवेदन आहे ज्याला प्रश्न नाही, आणि म्हणूनच ज्याची कोणत्याही नोंदीत दखल नाही.

हे नाटक लिहिले गेले तेव्हा, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः अनैतिक वर्तनाची आहे असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडण्याची मुभा पुरावा अधिनियमाच्या कलम १५५ च्या चौथ्या पोटकलमात होती. १९९४ मध्ये जळगावात तरुणींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले तेव्हाही ते पोटकलम कायम होते. पीडितेने पिंजऱ्यात उभे राहायचे की नाही हे ठरविताना तिच्यापुढे आरोपीइतकाच उलटतपासही उभा होता. २००२ च्या दुरुस्तीने ते पोटकलम रद्द झाले आणि अशा खटल्यांत चारित्र्याविषयीच्या प्रश्नांना आळा बसला. २०१३ मध्ये हा निर्बंध आणखी स्पष्ट करण्यात आला. ही सुधारणा कोणते वाक्य साक्षीदारापुढे ठेवू नये हे सांगते. ठेवलेले वाक्य कोणाच्या ‘मी’ने नोंदवावे, याला तिने हात लावलेला नाही.

साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखविली जाते. नोंदीत चूक आहे असे त्याने म्हटले, तर न्यायाधीशाला दुरुस्ती करता येते, किंवा मूळ नोंद तशीच ठेवून खाली त्याच्या हरकतीचे टिपण करता येते. धुळ्याच्या एखाद्या दालनात दुपारी उशिरा, पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झालेला असताना, प्रमाण मराठीतले ते निवेदन भराभर वाचले जाते. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ या ओळीखाली अहिराणीत बोललेल्या माणसाची सही किंवा अंगठा येतो. चांदण्याबद्दल आपण आणखी काही म्हणालो होतो, हे त्याला त्या क्षणी आठवलेले असते की नाही, ते कागदावर नाही.