‘नागीन’ (१९७६) : रूपांतर, सूड आणि संशय

राजकुमार कोहली दिग्दर्शित ‘नागीन’ (१९७६) या हिंदी चित्रपटात मीलनसमयी नाग (जितेंद्र) एका मित्रमंडळीतील तरुणाच्या गोळीने मरतो. मृत नागाच्या डोळ्यांत नागिणीला (रीना रॉय) मारेकऱ्यांच्या प्रतिमा दिसतात आणि ती एकेकाला संपवीत जाते. मूळ अपराध पुरुषांचा आहे, हे पटकथा मान्य करते. परंतु उत्तरार्धात प्रेक्षकाची सहानुभूती विजयकडे (सुनील दत्त) वळविली जाते. चित्रपटाचा हा दुबळेपणा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भीतीचे खरे केंद्र मात्र सूड नसून रूपांतर होय. नागीण त्या पुरुषांच्या प्रेयसींचीच रूपे घेते. परिणामी जवळची, ओळखीची स्त्रीच संशयास्पद ठरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात ही कल्पना केवळ मनोरंजन राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये वणी खुर्द (ता. जिवती) येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली, मे २०२४ मध्ये बारसेवाडा (ता. एटापल्ली) येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. या घटनांचे मूळ चित्रपटात शोधणे अर्थातच अनुचित ठरेल. शिवाय येथील बळींत पुरुषही आहेत. साम्य आहे ते संशयाच्या रचनेत. पडद्यावर रूपांतर प्रेक्षकास प्रत्यक्ष दाखविले जाते. गावात ते कोणीही पाहिलेले नसते, तरीही शेजाऱ्यांतूनच आरोपी निवडला जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करून छळ करणे हाच गुन्हा ठरविला आहे.