डाव्या हाताची निवड

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात पूजेच्या वेळी पेटी मी वाजवते. कुणी ‘काळी दोन’ म्हटलं की बोटं आपोआप तिकडे जातात. त्यामुळे घरात कुणी काही वाजवायला शिकायला लागलं की सल्ल्याला माझ्याकडे येतात, आणि आपल्याला त्यातलं कळतं असं मलाही वाटत होतं. माझ्या पुतणीने हा गैरसमज दूर केला.

ती पाच वर्षं कीबोर्ड शिकते आहे. दोन्ही हातांचं नोटेशन वाचते, सोप्या सोनाटिना नीट वाजवते. म्हणजे नवशिकी नाही आणि तयारही नाही, मधल्या पायरीवरची. मागच्या वर्षी घरातल्या एका साखरपुड्यात तिने जॉर्ज गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ वाजवली. निवड तिच्या शिकवणाऱ्यांची. मूळची सोळा-सतरा मिनिटांची रचना, तिची अडीच पानं केलेली. कीबोर्डचा ठेका चालू, डाव्या हाताने अधूनमधून एक पट्टी दाबायची, की बाकीची साथ यंत्र आपोआप भरतं. टाळ्या खूप झाल्या. रात्री भांडी आवरताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काकू, त्या टाळ्या मशीनला होत्या. माझ्या डाव्या हाताने काहीच केलं नाही.” त्यानंतर आठ महिने कीबोर्डवरचं कापड निघालं नाही.

पाच वर्षं शिकलेली मुलगी कंटाळून नाही, लाजून वाद्य सोडते, तेव्हा चूक तिची नसते. चूक निवडीची असते. म्हणून मी अमेरिकेतल्या जाझच्या काळातल्या पियानो-रचनांचे दोन-तीन संग्रह मागवले आणि तिच्याबरोबर बसून पानं चाळली. या संग्रहांविषयी मला जे वाटलं ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, हे संग्रह नावांवर चालतात. अनुक्रमणिकेत सगळी मोठी नावं असतात आणि आत प्रत्येकाची सोपी केलेली प्रत असते. सोपं करायचं म्हणजे काय करायचं? उजव्या हातातली चाल ठेवायची, कारण लोक ती ओळखतात, आणि डावा हात कापायचा. ‘ऱ्हॅप्सडी’चंच बघा. १२ फेब्रुवारी १९२४ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या बँडबरोबर ती पहिल्यांदा वाजली, पियानोवर स्वतः गर्शविन होता. तिची सगळी मजा पियानो आणि बँड यांच्या सवाल-जवाबात आहे. अडीच पानांत उरते ती फक्त मधली संथ, रुंद चाल. पंगतीत वरण-भात न वाढता नुसतं तूप वाढावं, तसं ते होतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पेटीवर आपला डावा हात भात्याला बांधलेला असतो. चाल सगळी उजव्या हाताची. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत जी बोटं तयार झाली ती एकाच हाताची. मग कीबोर्ड आला. तिथे भाता नाही, म्हणजे डावा हात मोकळा झाला असं वाटावं, तर यंत्राने त्याचं काम काढून घेतलं. आणि या संगीतात तर सगळा प्राण डाव्या हातात आहे! रॅगटाइममध्ये आणि त्यातून पुढे आलेल्या ‘स्ट्राइड’ पद्धतीत डावा हात खाली खर्जात एक स्वर घेतो, लगेच उडी मारून वर मधल्या सप्तकात कॉर्ड घेतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. तबला-डग्गा दोन्ही त्याच्याकडेच. उजवा हात वर हवं तसं खेळतो, कारण खाली डावा हात चुकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मधल्या पायरीवरच्या वादकासाठी रचना निवडताना नाव बघू नका, चालही बघू नका. आधी डाव्या हाताची ओळ वाचा. ती तिच्या आवाक्यातली आहे का? आणि तिला काही नवं शिकवणारी आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असली तरच पान उलटा.

या कसोटीवर कितीतरी लाडकी नावं गळतात. जेम्स पी. जॉन्सनची ‘कॅरोलायना शाउट’ त्या काळी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पियानोवादकांची परीक्षाच समजली जायची. ड्यूक एलिंग्टनने तरुणपणी ती कशी शिकली माहीत आहे? पियानो रोल म्हणजे छिद्रं पाडलेली कागदी गुंडाळी, ती आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायची. एलिंग्टन ती अगदी सावकाश चालवायचा आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवायचा. एलिंग्टनला जिच्यासाठी इतकी खटपट करावी लागली, ती आपल्या मुलीला महिनाभरात बसवायला देऊ नये. फॅट्स वॉलरच्या ‘एन्ट मिसबिहेविन’ (१९२९) या गाण्याचंही तसंच. त्याचा पंजा प्रचंड. खालच्या ‘सा’पासून वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत तो एका मुठीत घ्यायचा. सोळा वर्षांच्या मुलीचा हात तिथवर ताणायला लावणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. गाणं म्हणून, संथ लयीत, आपल्या हाताला पेलतील अशा कॉर्डवर ते जरूर वाजवावं. त्याच्यासारखं वाजवायला जाऊ नये.

स्कॉट जॉप्लिनच्या ‘मेपल लीफ रॅग’ (१८९९) आणि ‘द एंटरटेनर’ (१९०२) या रचना प्रत्येक संग्रहात असतात. हे खरं तर जाझच्या आधीचं संगीत, पण जाझकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. दोन्हींत उड्या खूप आणि सप्तकाचे दुहेरी स्वरही खूप. मुलं त्या पळवत वाजवतात. जॉप्लिनने तर आपल्या छापील रचनांवर, हे जलद वाजवू नका, अशी सूचनाच घातली होती. या जॉप्लिनची आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची आणि तिथल्या पियानोवर हा मुलगा सराव करायचा. त्याचीच ‘सोलेस’ (१९०९) मात्र मला या मुलींसाठी फार योग्य वाटते. ती संथ आहे. डाव्या हाताला उड्यांऐवजी एक झुलता ठेका आहे, तो मेक्सिको-क्यूबाकडून आलेला. घाई नसल्यामुळे चूक झाली तरी कानाला कळते आणि हाताला सुधारता येते.

माझी पहिली निवड मात्र एलिंग्टनची ‘मूड इंडिगो’ (१९३०). मूळ बँडमध्ये त्याने एक गंमत केली आहे. उंच बोलणारी क्लॅरिनेट तळाला ठेवली आणि जाड आवाजाचा ट्रॉम्बोन वर नेला. त्यामुळे ओळखीचीच वाद्यं अनोळखी वाटतात. पियानोवर आणली की हात फार फिरत नाहीत, पण प्रत्येक कॉर्डमधला कोणता स्वर पुढे यायचा आणि कोणता मागे राहायचा, हे ठरवावं लागतं. बोटांना सोपी, कानाला अवघड. मधल्या पायरीवर हेच हवं असतं.

आणि गर्शविन हवाच असेल, तर ‘ऱ्हॅप्सडी’चे तुकडे नकोत, त्याचा दुसरा प्रिल्यूड घ्या. १९२६मध्ये त्याने तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला. फार मोठा नाही आणि तो पुरा वाजवता येतो. सुरुवातीला डावा हात पाळण्याच्या झोक्यासारखा हलत राहतो आणि उजवा त्यावर गातो. मग मधल्या भागात अदलाबदल होते. चाल डाव्या हाताकडे येते आणि उजवा साथ धरतो. डाव्या हाताला गायला लावणारी ही जागा या संग्रहांतल्या कापून दिलेल्या कुठल्याच पानात नाही. काही ताण लहान हाताला जड जातील, तिथे स्वर एकदम न घेता एकामागून एक घ्यावेत. वर्षभराचं काम आहे, पण ते तिचं स्वतःचं काम असेल.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पियानोला ८८ पट्ट्या असतात, घरातल्या कीबोर्डला बहुधा ६१. डाव्या हाताचे सगळ्यात खालचे स्वर तिथे नसतातच, म्हणून निवडण्याआधी पानावरचा सगळ्यात खालचा स्वर शोधून बघावा. आणि या संगीतात दोन अर्ध्या मात्रा कागदावर सारख्या लिहिलेल्या असल्या, तरी पुष्कळदा वाजवताना पहिली लांब आणि दुसरी आखूड होते. तो हेल कागदावर सापडत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो.

“पण काकू, ऐकायचं कुठे? हे आपलं नाहीच,” पुतणी म्हणाली. मी तिला सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१)ची गाणी लावून दिली. चितळकर आपले, पुणतांब्याचे. त्यांच्या बँडमधला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचा अँतोनियो झेव्हियर वाझ. तो त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन शिकवत. तीच मुलं पुढे मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत आली. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि १९४५ला कलकत्त्यात पटकीने वारला. हे संगीत आपल्या दाराशी येऊन, आपल्या माणसांच्या हातून, आपल्या सिनेमात शिरलेलं आहे. माझ्या सासूबाईंनीसुद्धा ते ऐकलेलं आहे, फक्त त्याला जाझ म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणखी एक बाई मला आवर्जून सांगाविशी वाटते, लिल हार्डिन. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांत ती पियानोवर बसली, तेव्हा तिने नोटेशन मागितलं. ते नाही म्हणाले. सूर कोणता, विचारलं, तर तेही सांगितलं नाही. दोन ठोके ऐकू आले की सुरू कर, म्हणाले. आपल्या भजनी मंडळात नव्या पेटीवालीचं होतं, तेच तिचं झालं! तिने कानावर भरवसा ठेवला आणि चारही ठोके घट्ट धरले. पुढे लुई आर्मस्ट्राँगशी तिचं लग्न झालं. जगाने त्याचा ट्रम्पेट लक्षात ठेवला, पण त्याला स्वतःच्या नावावर उभं राहायला लावणारी तीच होती. अशा संग्रहांत तिचं नाव मला दिसलं नाही, हीसुद्धा माझी तक्रार आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अनेकांत नुसतं प्रवचनात ऐकलं असं होईल. सोप्या प्रतींचा उपयोग नाही असं नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत मुलाला ओळखीची चाल स्वतःच्या बोटांतून निघाली की हुरूप येतो, आणि हुरूपाशिवाय कुणी शिकत नाही. माझा आक्षेप मधल्या पायरीपुरता आहे. तिथे पोचलेल्या मुलीला मोठ्या नावाचं कातडं पांघरून लहान मुलाचं काम दिलं, तर तिला ते कळतं. आपल्याला कळत नाही, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. परिग्रह काय फक्त दागिन्यांचा होतो? ‘माझी मुलगी अमकं वाजवते, तमकं वाजवते’ अशा नावांचाही होतो. चाळीस नावं अर्धी वाजवण्यापेक्षा तीन पुरी वाजवावीत.

पुतणीने कापड काढलं ते दिवाळीनंतर. ठेक्याच्या बटणावर तिने स्वतःच चिकटपट्टी लावली आहे. सध्या ‘मूड इंडिगो’ चालू आहे आणि पहिले पंधरा दिवस फक्त डावा हात. दुपारी आम्ही पापड लाटत असताना आतून तेच ते खालचे स्वर येत होते. सासूबाईंनी लाटणं थांबवून विचारलं, “उजव्या हाताला काय झालं गं तिच्या?”

मी म्हटलं, “काही नाही आई. आज त्याला सुट्टी आहे.”