मुक्त ऊर्जेच्या रेण्वीय गतिकी अनुरूपणात अणुवस्तुमानाचा विचार : एक चिकित्सा

रेण्वीय गतिकीच्या साहाय्याने मुक्त ऊर्जेतील फरक काढण्याची पद्धती कर्कवूड (१९३५) व झ्वान्झिग (१९५४) यांच्या सूत्रांवर उभी आहे. एका रेणूचे टप्प्याटप्प्याने दुसऱ्यात रूपांतर करताना प्रभार व आंतरक्रिया यांचा विचार बारकाईने होतो. अणुवस्तुमानाचा प्रश्न मात्र बहुधा आज्ञावलीवर सोपवला जातो. ही उपेक्षा कितपत समर्थनीय आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

अभिजात सांख्यिकीय यामिकीत, बंधांच्या लांबीवर बंधने नसतील तर, गतिज व स्थितिज अंश वेगळे करता येतात आणि वस्तुमान केवळ गतिज अंशात येते. बेंझिनमधील एका हायड्रोजनच्या (१.००८) जागी क्लोरीन (३५.४५) आणल्यास या अंशामुळे मुक्त ऊर्जा ३०० केल्विनला सुमारे १३.३ किलोज्यूल प्रति मोल इतकी घटते. ही घट पाण्यात होते तेवढीच प्रथिनाच्या खोबणीतही होते. त्यामुळे ऊष्मागतिकीय चक्रात ती रद्द होते.

हे रद्द होणे आपोआप घडते असे मानणे मात्र धोक्याचे आहे. ग्रोमॅक्ससारख्या आज्ञावलीत अंतिम अवस्थेचे वस्तुमान वेगळे देता येते. चक्राच्या एका भुजेत ते बदलले व दुसरीत स्थिर ठेवले, तर वरील संपूर्ण रक्कम उत्तरात शिरते. या गणितांकडून अपेक्षित अचूकता सुमारे ४ किलोज्यूलची असल्याने कोणता रेणू प्रथिनाला अधिक घट्ट बांधला जातो, हा निष्कर्षच उलटू शकतो. शिवाय परस्परांना जोडलेली बंधने असतील, तर गतिज अंश रेणूच्या आकारावरही अवलंबून राहतो, हे फिक्समन यांनी १९७४ मध्ये दाखवले.

दुसरीकडे, वस्तुमान निवडण्याचे हे स्वातंत्र्य उपयुक्तही आहे. शेजारच्या जड अणूचे थोडे वस्तुमान हायड्रोजनला देऊन ते सुमारे ३ केल्यास, एकूण वस्तुमान न बदलता २ ऐवजी ४ फेम्टोसेकंदांचा कालखंड वापरता येतो. समतोल अवस्थेतील मुक्त ऊर्जेसाठी हे ग्राह्य आहे. विसरणासारख्या गतिविषयक राशी मात्र अशा अनुरूपणातून जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. ड्यूटेरियमचा समस्थानिक परिणामही केवळ वस्तुमान बदलून मिळत नाही. त्यासाठी पुंजयामिकीच लागते.

सारांश, दोन्ही अवस्थांत व दोन्ही भुजांत वस्तुमान समान ठेवणे आणि तसे शोधनिबंधात स्पष्ट नमूद करणे हाच निर्दोष मार्ग होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती तयार आज्ञावली देण्यापूर्वी हे छोटे गणित त्याच्याकडून कागदावर करवून घेणे अगत्याचे आहे.