ड्रायव्हर आतला की बाहेरचा?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कोणी दिला, असं तुमच्या मनात आलं असेल. पण लिनक्समधला एक प्रश्न वाचला आणि मला थेट वैशेषिक आठवले. रास्पबेरी पाय, बीगलबोन अशा छोट्या बोर्डासाठी कर्नेल तयार करताना बहुतेक ड्रायव्हरांपुढे उत्तर द्यावं लागतं: वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे कर्नेलमध्येच बांधून टाका, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल करा आणि लागेल तेव्हा चढवा, एन म्हणजे नकोच.

शिकवताना सर्रास सांगतात, की बिल्ट-इन म्हणजे ताठर, आणि मॉड्यूल म्हणजे लवचिक, शिवाय सुरक्षित. माझा आक्षेप या सांगण्यावर आहे.

वैशेषिक दोन संबंध वेगळे मानतात. धागे आणि वस्त्र यांचा समवाय. तो तोडता येत नाही. टेबलावरच्या पुस्तकाचा संयोग. पुस्तक उचललं की संपला. मग बिल्ट-इन हा समवाय आणि मॉड्यूल हा संयोग, असं म्हणावंसं वाटतं. उपमा सुबक आहे, पण फसवी. चढवलेलं मॉड्यूल पुस्तकासारखं वेगळं पडून राहत नाही. ते कर्नेलच्याच मेमरीत, कर्नेलच्याच पूर्ण अधिकारानं चालतं. त्यात चूक असली तर सगळं यंत्र कोसळू शकतं. आपल्या सोनईहून शिंगणापूर दूर नाही. तिथल्या बिनदारांच्या घरांबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! कर्नेलच्या उंबऱ्यावर राखणदार ठेवता येतो, मॉड्यूलची डिजिटल सही तपासता येते. पण एकदा आत आलं की शिंगणापूरच. ड्रायव्हर खरोखर बाहेर ठेवायचे तर रचनाच वेगळी लागते. टॅनेनबॉम यांच्या मिनिक्स ३ मध्ये २००५ साली ती आली.

मग वाय आणि एम यांत फरक कशाचा? मुख्यतः वेळेचा.

आकाश टॅब्लेट आठवतो ना? ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी आकाश-२ सादर केला. तो अँड्रॉइडवर चालायचा, पण आयआयटी मुंबईत तो एसडी कार्डावरून लिनक्सवर चालवण्याचंही काम झालं. अशा मांडणीत काय होतं पाहा. बूटलोडर कर्नेलला मेमरीत आणून सोडतो. पुढचं त्याचं त्यानं बघायचं. बाकी सगळ्या फाइली कार्डावर. मॉड्यूल हीसुद्धा फाइलच, म्हणजे तीही कार्डावर. आता कार्ड वाचणारा ड्रायव्हरच मॉड्यूल केला तर? किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. कर्नेल वाद घालत बसत नाही. रूट फाइल सिस्टिम मिळत नाही एवढं सांगतं आणि थांबतं. यातून वाट दोनच: ड्रायव्हर बिल्ट-इन करा, नाहीतर इनिटरॅमएफएस नावाची शिदोरी कर्नेलसोबत मेमरीत द्या आणि मॉड्यूल तिच्यात ठेवा.

उलटही घडतं बरं का. काही वायफाय चिपना फर्मवेअरची फाइल लागते. ड्रायव्हर बिल्ट-इन असेल तर कार्डावरच्या फाइली दिसायच्या आधीच तो ती मागू शकतो आणि हात हलवत परत येतो. तिथे एम शहाणपणाचं.

आता लवचिकपणाचं. तो कोणाचा, हे कोणी विचारत नाही. मॉड्यूल ज्या कर्नेलसाठी बांधलं, सहसा त्याच्याशीच जुळतं. आवृत्ती बदलली की कर्नेल ते बहुधा नाकारतं. विक्रेत्यानं सोर्स न देता नुसतं तयार मॉड्यूल हातावर ठेवलं, तर बोर्ड घेणारा त्या जुन्या कर्नेलला बांधला गेला. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या तरी त्याला त्या घेणं अवघड. मॉड्यूल काढता येतं, हे खरं. पण काढलं की कॅमेरा बंद, नाहीतर पडदा बंद! याउलट सोर्स असेल तर बिल्ट-इन ड्रायव्हरही बदलता येतो. कर्नेल पुन्हा बांधावं लागतं, वेळ जातो, एवढंच. कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी बोर्ड निवडणाऱ्यांनी एम की वाय यावर तासभर खल करावा आणि सोर्सबद्दल अवाक्षर काढू नये, हे मला विचित्र वाटतं.

ज्यांच्याकडे बोर्ड आहे त्यांनी घरी एलएसमॉड ही आज्ञा देऊन पाहा. फक्त चढवलेली मॉड्यूल दिसतील. बिल्ट-इन ड्रायव्हर त्या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी मॉड्यूलांच्या फोल्डरातली 'मॉड्यूल्स डॉट बिल्टइन' ही फाइल उघडा.