थांबण्याचं काम : रिकेल्मे आणि आपली घाई

हुआन रोमान रिकेल्मेचं नाव मोबाइलवर टाकलं की पहिल्यांदा कोणती क्लिप येणार, हे जवळपास ठरलेलं आहे. मे २०००, कोपा लिबर्तादोरेसची क्वार्टर फायनल. ब्युनोस आयर्समधले दोन हाडवैरी क्लब, बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट, समोरासमोर. बोकाचा रिकेल्मे साइडलाइनजवळ अडकलाय, पाठीला रिव्हरचा डिफेंडर मारिओ येपेस. वाट बंद. रिकेल्मे तळपायाने बॉल मागे ओढतो, बॉल येपेसच्या दोन पायांमधून पलीकडे जातो आणि रिकेल्मे वळसा घालून तो पुन्हा गाठतो. दहा-बारा सेकंदांचा मामला. आपण लाइक करतो आणि अंगठा पुढे सरकतो.

क्लिप देखणी आहे, वादच नाही. पण रिकेल्मे समजून घ्यायला ती फारशी कामाची नाही, असं माझं म्हणणं आहे. मैदानावर काहीच घडत नाहीये असं ज्या वेळी वाटायचं, त्याच वेळी त्याचा खरा खेळ चाललेला असायचा. आणि क्लिप बनवणारा नेमका तेवढाच भाग कापून टाकतो.

तो काय करायचा? बॉल घ्यायचा, अंगाचा आडोसा करायचा आणि थांबायचा. अर्जेंटिनात या थांबण्याला ‘पाउसा’ म्हणतात. मिडफिल्ड आणि फॉरवर्ड यांना जोडणाऱ्या त्याच्या जागेला ‘एंगांचे’ म्हणतात, म्हणजे आकडा. रेल्वेचे डबे जोडतो तसला. तो थांबला की एक डिफेंडर अंगावर यायचा. मग दुसरा. दोघं इथे आले म्हणजे दुसरीकडे दोघांची जागा रिकामी पडली. आपला कुणीतरी त्या जागेकडे धावेपर्यंत बॉल सांभाळून ठेवायचा आणि मग पास. समोरच्यांना चुकायला पुरेसा वेळ देणं, हे त्याचं काम होतं.

बाहेरून मात्र हे आळसासारखं दिसतं. ‘पेचो फ्रिओ’, थंड छातीचा, ही अर्जेंटिनाच्या फुटबॉलमधली जहरी शिवी. ती रिकेल्मेच्याही वाट्याला आली. ‘स्लो आहे’ हा शिक्का तर कायमचाच. या शिक्क्याला माझ्याकडे एक साधं उत्तर आहे : टोकियो, नोव्हेंबर २०००, इंटरकॉन्टिनेन्टल कप, समोर रियाल माद्रिद. सहाव्या मिनिटाला रिकेल्मे आपल्याच हाफमधून एक लांब पास टाकतो. तो थेट मार्टिन पालेर्मोच्या वाटेत पडतो आणि गोल. तिथे तो थांबला नाही, कारण जागा आधीच रिकामी होती. बोका २-१ ने जिंकलं. आपल्यापुरता वेळ कुठला हे ज्याला कळतं, त्याला स्लो कसं म्हणायचं?

पण असा खेळाडू एकट्याने खेळू शकत नाही, आणि त्याच्या सगळ्या कारकिर्दीची मेख इथे आहे. त्याने थांबायचं ठरवलं तर इतरांनी धावलं पाहिजे. त्याच्या मागे कुणीतरी बॉल हिसकावून आणला पाहिजे. थोडक्यात, दहा जणांनी त्याच्या लयीवर विश्वास ठेवला पाहिजे. २००२ मध्ये तो बार्सिलोनाला गेला. कोच लुई व्हॅन गालला तो मनापासून नको होता. त्याने त्याला डाव्या विंगला ढकललं. रिकेल्मे तिथे कोमेजला. पुढच्या वर्षी तो व्हियारेआलला गेला. गाव जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. तिथे मान्युएल पेलेग्रिनीने टीमच त्याच्याभोवती मांडली. २००४-०५ च्या ला लीगात व्हियारेआल तिसरं आलं आणि त्याच्या पुढच्या मोसमात, चॅम्पियन्स लीगमधल्या पहिल्याच खेपेला, सेमीफायनलला पोचलं. माणूस तोच, पाय तेच. बदलला होता तो टीमने दिलेला वेळ.

अशा विश्वासाची किंमतही असते. सगळं एकावर सोपवलं की शेवटचा क्षणही त्याच्यावरच येतो. २५ एप्रिल २००६, आर्सेनलविरुद्धची सेमीफायनल. पहिल्या लेगमध्ये व्हियारेआल ०-१ ने हरलेलं. दुसऱ्या लेगच्या शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. रिकेल्मेने मारली, येन्स लेमानने अडवली. इथे थांबून कुणाची चूक होण्याची वाट बघायची सोय नव्हती.

दोनच महिन्यांनी तो बर्लिनमध्ये होता. वर्ल्ड कप, क्वार्टर फायनल, समोर जर्मनी, गोलमध्ये पुन्हा लेमान. त्याच स्पर्धेत सर्बिया-मॉन्टेनेग्रोविरुद्ध वीसहून जास्त पासेसची साखळी गुंफून अर्जेंटिनाने एक गोल केला होता. शेवटचा फटका एस्तेबान कांबियासोचा, आणि त्या सगळ्या खेळाचा ठोका रिकेल्मेचा. बर्लिनमध्येही रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाने गोल केला. १-० अशी आघाडी असताना, ७२व्या मिनिटाला कोच होसे पेकरमनने रिकेल्मेला बाहेर काढलं आणि कांबियासोला आणलं. ८०व्या मिनिटाला क्लोजेने बरोबरी केली. पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना हरली. लेमानने अडवलेल्या दोनांपैकी एक पेनल्टी कांबियासोची होती.

रिकेल्मे राहिला असता तर जिंकलोच असतो, असं त्याचे चाहते म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. त्या बदलाच्या जरा आधी गोलकीपरही जखमी होऊन बाहेर गेला होता. पण आघाडी टिकवायची वेळ आली तेव्हा बॉल आपल्याकडे ठेवू शकणारा माणूस कोचला जड वाटला. आधुनिक फुटबॉलची सगळी भीती मला त्या एका बदलात दिसते : घाबरलो की धावणारा पाहिजे, थांबणारा नको.

रिकेल्मेला मी निव्वळ बिचारा मानत नाही. ज्या टीमने त्याच्याभोवती फिरावं असं त्याला वाटायचं, त्या टीमशी बिनसलं की तो स्वतः उठून जायचा. पेलेग्रिनीशी फाटलं आणि त्याने व्हियारेआल सोडलं. २००९ मध्ये कोच मॅराडोनाशी पटेना म्हणून राष्ट्रीय संघ सोडला. २०१२ मध्ये लिबर्तादोरेसची फायनल हरल्यावर, आता देण्यासारखं काही उरलं नाही म्हणत बोका सोडलं. पुढच्या वर्षी परतला. इतरांनी आपल्यासाठी थांबावं ही अपेक्षा रास्त असेल, पण मग आपणही इतरांसाठी थांबावं लागतं. मैदानावरचा त्याचा धीर मैदानाबाहेर पुष्कळदा संपलेला दिसतो.

तरीही ‘शेवटचा १० नंबर’ म्हणून त्याच्यावर जे गहिवरून लिहिलं जातं, ते मला पटत नाही. गहिवर घातला की प्रश्न मिटतो. एक युग संपलं, आपण काय करणार! पण २००७ मध्ये, युग संपल्याचं सांगून झाल्यावर, त्याच माणसाने बोकाला लिबर्तादोरेस जिंकून दिली. ग्रेमिओविरुद्धच्या दोन लेगच्या फायनलमध्ये बोकाचे पाच गोल, त्यातले तीन त्याचे. दिवस तेच होते, फुटबॉल तेवढंच वेगवान. फक्त त्याला थांबू देणारे दहा जण सोबत होते.

म्हणून सुचवतो : त्याची एखादी अख्खी मॅच बघा. २००६ ची कुठलीही चालेल. बॉलकडे कमी आणि त्याच्याभोवतीच्या माणसांकडे जास्त लक्ष ठेवा. तो थांबल्यावर कोण कुठे सरकतं, ते पाहा. पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. येऊ द्या.